ओल्या काजूची उसळ आणि व्हियोनिए

फेब्रुवारी कलला की पार्ले-बोरिवलीच्या बाजारात कोकणातले ओले काजूगर दिसायला लागतात. भाव ऐकून माणूस एकदा पुढे जातो आणि दोन गाळे ओलांडून परत येतो. या काजूंची खोबरं-धण्याच्या वाटणातली, टोमॅटो न घातलेली उसळ ज्या दिवशी घरात होईल आणि त्याच दिवशी जेवणासोबत वाइन उघडायचं मनात असेल, तर ती व्हियोनिए असावी. रेड नको, नेहमीची सॉव्हिन्यों ब्लाँही नको. वाइनबद्दल एवढं ठाम मत मी सहसा देत नाही. पण ही जोडी का जुळते हे एकदा लक्षात आलं, की आपल्या बाकीच्या ताटात ही वाइन कुठे बसते आणि कुठे साफ आपटते, ते दुकानदाराला विचारावं लागत नाही.

व्हियोनिए ही मूळची फ्रान्समधली पांढऱ्या द्राक्षाची जात. लेबलावरच्या रोमन अक्षरांत मध्ये एक ‘जी’ आणि शेवटी ‘आर’ दिसतो. दोन्ही उच्चारायचे नाहीत. ग्लास नाकाशी नेला की पिकलेल्या जर्दाळूचा आणि पीचचा वास येतो, त्यामागून मोगऱ्याच्या जवळ जाणारा फुलांचा दरवळ. वास इतका गोड असतो की पहिल्यांदा पिणारा गोड घोटाच्या तयारीनेच ग्लास ओठांना लावतो आणि फसतो. बहुतेक व्हियोनिए कोरडी असते, म्हणजे तिच्यात जाणवण्याइतकी साखर उरलेली नसते. जिभेवर ती पातळ लागत नाही. तेलकटपणाकडे झुकणारा एक गुळगुळीत भरीवपणा तिला असतो. आंबटपणा कमी, अल्कोहोल मात्र पांढऱ्या वाइनच्या मानाने चढं, साधारण साडेतेरा ते साडेचौदा टक्के. घोट गिळल्यावर शेवटी किंचित कडसर चव मागे राहते. ती सालीतून येते आणि या जातीत ती असायचीच. बाटली बिघडली म्हणून परत करू नका.

भरगच्च सुगंध, भरीव अंग, कमी आंबटपणा आणि जास्त अल्कोहोल या चार गोष्टी डोक्यात पक्क्या केल्यात, तर पुढचं सगळं त्यांच्यातूनच निघतं.

आधी सुगंध. फुलांचा वास देणारी टर्पीन नावाची संयुगं या द्राक्षात भरपूर असतात आणि त्यांतलं एक ठळक संयुग म्हणजे लिनालूल. हेच लिनालूल धण्याच्या तेलातला मुख्य घटक आहे. वेलचीतही ते असतं. म्हणजे आपण वाटणासाठी धणे भाजतो तेव्हा स्वयंपाकघरात जो वास पसरतो, त्याचा एक धागा त्या बाटलीतही असतो. दुसरा धागा नारळाचा. पीचचा वास आणि खोबऱ्याचा वास हे दोन्ही लॅक्टोन या एकाच रासायनिक कुळातले. त्यातून ती व्हियोनिए ओकच्या पिंपात मुरवलेली असेल, तर लाकडातून उतरणारं लॅक्टोन सरळसरळ खोबऱ्याचाच भास देतं. धणे, नारळ, काजूचा स्निग्ध गोडवा आणि आंबट काहीच नाही. काजूच्या उसळीत या वाइनला हवं ते सगळं आहे आणि तिला नको असलेलं काहीही नाही.

आता थोडं तिच्या गावाबद्दल, कारण बाटली घेताना त्याचा उपयोग होतो. ऱ्होन नदीच्या उजव्या काठावर, लिओं शहराच्या दक्षिणेला काँड्रियू नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रॅनाइटच्या उभ्या चढांवर दगडी बांध घालून ही द्राक्षं लावतात. ट्रॅक्टर चढत नाही, सगळं हाताने करावं लागतं, आणि एवढं करून जात लहरी. फळ धरलं तर धरलं. आधी फिलॉक्सेरा किडीने बागा खाल्ल्या, मग पहिल्या महायुद्धाने माणसं नेली, मग आसपासच्या कारखान्यांच्या पगाराने उरलेल्यांना खाली उतरवलं. 1960च्या दशकात तिथल्या व्हियोनिएच्या बागा पंधरा हेक्टरांच्याही खाली आल्या होत्या. जॉर्ज व्हर्ने या बागायतदाराने त्या काळात आपले चढ सोडले नाहीत आणि शेजाऱ्यांनाही पुन्हा लावणीला लावलं, म्हणून ही जात टिकली असं मानतात. 2017मध्ये ते वारले. आज काँड्रियूचं क्षेत्र दोनशे हेक्टरांच्या आसपास आहे आणि ही वेल कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलियापासून नाशिकपर्यंत पोचली आहे. काँड्रियूच्या पोटातच शातो ग्रिये नावाची जेमतेम साडेतीन हेक्टरांची एकाच मालकीची बाग आहे, तिला 1936 पासून स्वतःचं वेगळं मानांकन आहे. तिची बाटली कुणी भेट दिलीच, तर हा लेख बाजूला ठेवा आणि साध्या वाफवलेल्या खेकड्याबरोबर ती प्या.

काँड्रियूच्या लेबलावर बहुधा द्राक्षाचं नाव सापडणार नाही, फक्त गावाचं नाव असतं. पण आत शंभर टक्के व्हियोनिएच असते. आपल्याकडे आयात वाइनवर दीर्घकाळ दीडशे टक्के सीमाशुल्क राहिलं, त्यावर राज्याचा कर. त्यामुळे ही बाटली मुंबईत येईतो तिची किंमत वाढदिवसाचीच राहते, रविवारची नाही. फ्रान्सचीच हवी पण खिशाला झेपेल अशी हवी, तर दक्षिणेकडच्या ‘पेई दॉक’ भागाची व्हियोनिए शोधा. तिच्यावर द्राक्षाचं नाव ठळक असतं. काँड्रियूची खोली तिच्यात नसते, पण जर्दाळूचा वास प्रामाणिक असतो.

माझा स्वतःचा कल मात्र नाशिककडे आहे, आणि तो स्वदेशीच्या अभिमानापोटी नाही. ही वाइन तरुणपणीच प्यायची असते. पहिली दोन-तीन वर्षं तिचा सुगंध फुललेला असतो, मग तो झपाट्याने विरतो. समुद्रमार्गे आलेली, कुठल्या तरी गोदामात उन्हाळा काढलेली आणि मग दुकानात उभी राहिलेली चार-पाच वर्षांची फ्रेंच बाटली घेण्यापेक्षा कसारा घाटापलीकडून आलेली ताजी बाटली नाकाला जास्त देते. सुलाची दिंडोरी रिझर्व्ह मालिकेतली व्हियोनिए, ग्रोव्हर झाम्पाची आर्ट कलेक्शनमधली आणि इगतपुरीजवळच्या संजेगावच्या व्हॅलोने व्हाइनयार्ड्सची, ही नावं लक्षात ठेवा. प्रत्येक सुगीला सगळ्यांचा माल सारखा निघत नाही आणि उपनगरातल्या दुकानात तिन्ही एकदम क्वचितच दिसतात. जी ताजी मिळेल ती घ्या.

नाशिकला ही जात जमणं सोपं नाही. आपल्याकडे वेल फ्रान्ससारखी हिवाळ्यात झोपत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटावी लागते. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी आणि पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, गोडी छाटणी. खरड छाटणीनंतरची फूट लाकूड तयार करते, गोडीनंतरच्या फुटीवर घड येतो. त्यामुळे वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात, म्हणजे युरोपात बागा उघड्या-बोडक्या असतात तेव्हा. सहाशे मीटरच्या आसपासच्या उंचीवर जानेवारीच्या रात्री गार असतात आणि द्राक्षातला आंबटपणा टिकतो; फेब्रुवारीअखेर दुपार तापली की साखर भराभर चढते आणि आंबटपणा तितक्याच वेगाने उतरतो. व्हियोनिएत आंबटपणा मुळातच कमी. घाई केली तर वास भरलेला नसतो, उशीर केला तर वाइन भडक आणि मवाळ, दोन्ही एकदम होते. तोडणीची नेमकी वेळ साधणं हेच तिथल्या वाइनमेकरचं कसब. ग्लासात तुम्हाला नुसता अल्कोहोलचा चटका आणि मागे ढिलेपणा जाणवला, तर तोडणी लांबली असं समजायला हरकत नाही.

खरेदीकडे येते. मुंबईतल्या वाइन शॉपमध्ये वाइन सोडून बाकी सगळं पुढे मांडलेलं असतं आणि वाइन कोपऱ्यातल्या फळीवर ट्यूबलाइटखाली उभी असते, हे सांगायला नको. सुगंधी पांढऱ्या वाइनचे दोन शत्रू, उष्णता आणि उजेड, तिथे चोवीस तास कामावर असतात. म्हणून जिथे माल लवकर खपतो किंवा जिथे वाइन वातानुकूलित कपाटात ठेवतात, असं दुकान धरा. अंधेरी पश्चिमेला आणि पवईला अशी दुकानं मिळतात, थोडं फिरावं लागतं. बाटली हातात घेतली की आधी सुगीचं वर्ष पाहा. तीन वर्षांहून जुनी असेल तर ठेवून द्या, दुकानदार सवलत देत असला तरी. रंग फिकट सोनेरी असावा. मधासारखा गडद झाला असेल तर वेळ निघून गेली आहे. फिरकीचं झाकण पाहून नाक मुरडू नका. आपल्या दमट हवेत आणि गरम दुकानांत ते बुचापेक्षा भरवशाचं.

घरी आणल्यावर ती पोटमाळ्यावर किंवा गॅसच्या वरच्या कपाटात जाऊ देऊ नका. वाइनसाठी वेगळा फ्रिज असलेली घरं उपनगरात किती असणार! साध्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, भाजीच्या ट्रेजवळ, आडवी ठेवा आणि महिनाभरात उघडा. फ्रिजमध्ये साधारण चार-पाच अंश असतात आणि ही वाइन दहा ते बारा अंशांवर खुलते. तेव्हा वाढण्याआधी जानेवारीत वीस मिनिटं आणि मे महिन्यात दहाच मिनिटं बाहेर काढून ठेवावी. बर्फ घालू नका, वास मरतो. एकदम थंडगार प्यायलात तर फक्त कडसरपणा हाती लागेल; कोमट झाली तर फक्त अल्कोहोल. मेच्या संध्याकाळी ग्लासात थोडीच ओता आणि बाटली परत आत ठेवा. ग्लास पोटाशी रुंद आणि तोंडाशी किंचित निमुळता असला तर उत्तम. स्टीलच्या पेल्यात ती प्यायची असेल तर एवढा खर्च कशाला केला, हा प्रश्न रास्त आहे.

आता ताट. वाइनबद्दलच्या बहुतेक मार्गदर्शनात ‘मसालेदार भारतीय जेवणाबरोबर सुगंधी पांढरी वाइन चालते’ असं एक वाक्य असतं. ते परदेशात बसून लिहिलेलं असतं आणि आपल्या घरात पहिल्याच रविवारी तोंडघशी पडतं. मालवणी मसाल्यात माखलेली सुरमई, बाजूला तिखट तांबडं कालवण, वाटीत सोलकढी आणि हातात व्हियोनिए, हा प्रयोग बऱ्याच जणांनी केला असेल. काय होतं? तिखटाची आग अल्कोहोलने आणखी भडकते, आणि साडेचौदा टक्के म्हणजे चांगलंच भडकते. सोलकढीच्या आमसुलापुढे कमी आंबट वाइन अगदीच मिळमिळीत लागते. मग वाइन बेकार आहे असा निकाल लागतो. बिचारी वाइन चुकीच्या ताटात पडलेली असते.

‘मसालेदार’ या एका शब्दाने आपलं काम भागत नाही. धणे, वेलची, दालचिनी, जायपत्री, केशर, आलं हे मसाले वासाचे आणि व्हियोनिएचे मित्र. मिरची हा मसाला नव्हे, ती आग. आणि चिंच, आमसूल, टोमॅटो, लिंबू, सिरका हे तिसरंच खातं. एखादा पदार्थ या वाइनला चालेल का, हे ठरवताना मसाल्यांची यादी मोजू नका. तो किती तिखट आणि किती आंबट, एवढं पाहा. दोन्ही कमी असतील तर मसाला कितीही दरवळू दे.

कोकणी आणि सारस्वत स्वयंपाकात अशा पदार्थांची रांगच लागते. मुगागाठी, ओल्या खोबऱ्यातली कुवरी फणसाची भाजी, सीकेपी घरातलं कोलंबीचं भानोलं. वालाच्या बिरड्याबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं. नारळाच्या दुधातलं मऊ बिरडं या वाइनला शोभतं, पण वालाला स्वतःचा कडसरपणा असतो, वाइनलाही असतो, आणि कडू कडूत मिसळलं की ते वाढतं. वाल नीट सोललेले, मोड फार न लांबलेले असतील आणि आमसूल नेहमीच्या अर्ध्यावर आणलं असेल तर जोडी छान जमते. गूळ घालायचा तर चिमटीभरच, कारण पदार्थ वाइनपेक्षा गोड झाला की कोरडी वाइन एकदम रुक्ष लागते.

मासे. वेसाव्याच्या बाजारातून काय आणता यावर सगळं आहे. खेकडा, शेवंड, मोठी कोलंबी, म्हणजे ज्यांच्या मांसातच गोडवा आहे ते, या वाइनचे खरे सोबती. काँड्रियूच्या गावातही ती शेवंडीबरोबर आणि गोड्या पाण्यातल्या झिंग्यांबरोबर पितात. चिंबोऱ्या आणल्यात तर एक दिवस कोळी मसाला बाजूला ठेवा. आलं-लसणीवर परतून, धण्याची पूड आणि थोडी ब्याडगी मिरची रंगापुरती घालून, नारळाच्या पहिल्या दुधात शिजवा. ब्याडगीचा इथे खरा उपयोग आहे, रंग पूर्ण आणि तिखटपणा नावाला. लवंगी मिरचीचं ते काम नाही. पापलेट असंच दुधातल्या पांढऱ्या किंवा फिकट हिरव्या रश्श्यात चांगलं लागतं. रव्यातले कुरकुरीत बोंबील मात्र व्हियोनिएसोबत नकोत. तळणीचा तेलकटपणा कापायला आंबट, चुरचुरीत काहीतरी हवं; तिथे नाशिकची सॉव्हिन्यों ब्लाँ किंवा बुडबुड्यांची स्पार्कलिंग वाइन घ्या. सुक्या मासळीबद्दल प्रयोग करायची माझी हिंमत नाही.

गोराई-मनोरीच्या ईस्ट इंडियन घरांत नाताळच्या दिवसांत जेवायचा योग आला तर लक्षात ठेवा, सिरका घातलेलं इंद्याल व्हियोनिएला पेलणार नाही. त्याच्यापुढे जास्त आंबट, थोडी गोडी असलेली वाइन लागते. पण मुलुंडला शेजारी मल्याळी असतील आणि त्यांच्याकडून अप्पम आणि नारळाच्या दुधातलं इष्टू आलं, तर बाटली उघडायला याहून चांगलं निमित्त नाही. काळं मिरं आणि हिरवी मिरची बेताची, आलं-वेलची-दालचिनी भरपूर, आंबट शून्य. अंधेरीच्या हॉटेलांत मिळणारी थाई हिरवी करीही या नियमात बसते, मात्र ती ऑर्डर करताना तिखट कमी करायला सांगा. मलई टिक्का, रेशमी कबाब, काजूच्या पांढऱ्या रश्श्यातलं चिकन किंवा पनीर हे सगळं चालतं. बटर चिकन चालत नाही, त्यात लोणी दिसतं पण राज्य टोमॅटोचं असतं. केशर घातलेली, बेताची तिखट दम बिर्याणी घरी मागवली असेल तर कोशिंबिरीतला दह्याचा आणि लिंबाचा हात आखडता घ्या आणि व्हियोनिए वाढा. केशराशी तिचं विशेष पटतं.

घाटकोपरचा मुद्दा वेगळा. तिथल्या गुजराती आणि जैन घरांत वाइनचा प्रश्न बहुधा येतच नाही, पण उंधियू शेजारपाजारी सगळीकडे पोचतो आणि त्याचा मोसम थंडीचा. हिरव्या लसणीच्या, कोथिंबीर-खोबऱ्याच्या सुरती उंधियूत या वाइनला आवडणाऱ्या पुष्कळ गोष्टी आहेत. अडतं ते साखरेपाशी. साखरेचा हात सैल असेल तर किंचित गोडसर शेनिन ब्लाँ घ्यावी, ती नाशिकमध्ये मुबलक होते आणि स्वस्तही पडते. साखर बेताची असेल तर व्हियोनिए. मुठिया मेथीचे असतात, कडसर लागतील, त्यांच्याबरोबर घोट घेऊ नका. खाऊगल्लीतल्या चाटला कोणतीच शांत, म्हणजे बिनबुडबुड्यांची, वाइन जमत नाही. गोड-आंबट-तिखट एकाच घासात असलेल्या शेवपुरीपुढे व्हियोनिए उघडणं म्हणजे पैसे नाल्यात ओतणं.

सुगंधी फ्रेंच वाइन म्हटलं की दुसरं नाव गेव्हुर्त्सट्रामिनरचं निघतं, म्हणून त्याचाही निकाल इथे लावते. ती अल्सास प्रांतातली, उंच सडपातळ बाटलीत येणारी. वास थेट गुलाबाचा आणि लिचीचा. लिचीत आणि या द्राक्षात एकच सुगंधी संयुग, रोझ ऑक्साइड, सापडतं. तिच्यात बऱ्याचदा थोडी साखर उरलेली असते, त्यामुळे व्हियोनिएपेक्षा ती तिखट जास्त सोसते. आल्याच्या चायनीज पदार्थांना आणि डुकराच्या मांसाला ती बरी. पण गुलाबाचा वास आणि गरम मसाला एकत्र आले की मला लग्नाच्या हॉलमध्ये बसल्यासारखं होतं. माशांबरोबर तर अजिबात नको. कुणाला आवडत असेल तर भांडण नाही.

गोडाचं काय? व्हियोनिएच्या वासात आंब्याची झाक येते म्हणून कुणी तरी हापूसबरोबर ती सुचवतं. ऐकू नका. हापूस तिच्या कितीतरी पट गोड, त्यामुळे आंब्याच्या फोडीनंतरचा घोट कडू आणि पातळ लागतो. आमरसाला, शिऱ्याला, पुरणपोळीला कोरडी वाइन कधीच पुरत नाही. पदार्थापेक्षा वाइन गोड असली पाहिजे. त्यासाठी नाशिकमध्येच उशिरा तोडलेल्या शेनिन ब्लाँची ‘लेट हार्वेस्ट’ वाइन होते, सुलाची आणि रेव्हेलोची, लहान बाटलीत मिळते. उकडीच्या मोदकांचा विषय मी काढत नाही, घरात राहायचं आहे.

घरी चार माणसं जेवायला येणार असतील तर एकच बाटली पुरते. 750 मिलीत पाच ग्लास होतात, आणि एवढ्या चढ्या वाइनचा एक ग्लास माणशी पुरे. आपली अडचण अशी की आपण पदार्थ एकामागून एक वाढत नाही. ताटात लोणचं, चटणी, कोशिंबीर, आमटी एकाच वेळी येतात आणि ज्याला जे आवडतं ते तो आधी खातो. त्याला बंदी घालून चालणार नाही. त्यापेक्षा व्हियोनिए जेवणाआधी सुरू करा. नारळाच्या दुधातली कोलंबी किंवा काजूची उसळ छोट्या वाट्यांत, सोबत घावन नाहीतर अप्पमचे तुकडे, एवढंच आधी मांडा. ग्लास संपले की मग भात, आमटी, लोणचं येऊ दे, आणि सोलकढी सगळ्यात शेवटी. ज्यांना प्यायची नाही त्यांच्या हातात कोकम सरबत द्या आणि एकदाच विचारा, दुसऱ्यांदा नको. एकवीस वर्षांखालच्या पाहुण्यांना तर विचारायचंच नाही.

वाइन विकत घेण्याआधी चाखून पाहायची असेल तर मुलुंड-घाटकोपरकर नशीबवान आहेत, नाशिकचा रस्ता त्यांच्याच दारावरून जातो. 2025च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून कसाऱ्याच्या घाटातली रांगही टळते. जायचं तर जानेवारी-फेब्रुवारीत, तोडणी चालू असताना. तेव्हा वेलीवरचा व्हियोनिएचा मणी तोंडात टाकायला मिळाला तर साल चावून पाहा, तो शेवटचा कडसरपणा कुठून येतो ते कळेल. गाडी चालवणाऱ्याने मात्र चाखून थुंकायचं. वाइनरीत त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं आणि ते वापरण्यात कमीपणा काही नाही. तेवढा संयम नसेल तर कल्याणहून रेल्वे आहे.

बाटली संपली नाही तर झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा. दुसऱ्या दिवशी वास थोडा उतरलेला पण ठीक असतो, तिसऱ्या दिवसानंतर पिण्यात अर्थ नाही. तेव्हा तिसऱ्या आणा. कढईत लोण्यावर लसूण आणि आल्याचे पातळ काप परतून, धुतलेल्या तिसऱ्या टाकून उरलेला अर्धा ग्लास व्हियोनिए ओता आणि झाकण ठेवा. शिंपले उघडले की अर्धी वाटी नारळाचं दूध, वरून कोथिंबीर. मीठ चाखूनच घाला, तिसऱ्यांचं पाणी खारट असतं. जे शिंपले उघडणार नाहीत ते टाकून द्या.